बिनदाराच्या घरातली फ्लॉपी

शनिशिंगणापूर,
जानेवारी १९९८

प्रिय योगेश,

वर 'प्रिय' लिहिलंय ते हाताच्या सवयीनं, वाचून फुगू नकोस. दीड वर्षानं पत्र येतंय म्हणजे कान्या सगळं विसरला, झालं गेलं गंगेला मिळालं, असंही समजू नकोस. तुझा पत्ता तुझ्या वडिलांकडून घेतला. त्यासाठी मुद्दाम देवळाली प्रवऱ्याला गेलो होतो. ते नुकतेच कारखान्यातून आले होते. त्यांनी चहा पाजला, तुझा कोटातला फोटो दाखवला आणि म्हणाले, "तू बी असाच मुंबईला गेला असता तर?" मी नुसता हसलो. त्या माणसाचा काय दोष? चहा चांगला होता.

गेल्या महिन्यात मुंबईला कॉम्प्युटर आणि गेमचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं मी आलो होतो. तू मला पाहिलं नाहीस. तू स्टेजवर होतास, गळ्यात ओळखपत्र, हातात माइक. दरवर्षी जातो मी, तुला ठाऊक आहे माझं खूळ. पण खरं सांगू, या प्रदर्शनांचा आता वीट आलाय. पूर्वी निदान मशीन मांडलेली असायची, हात लावू द्यायचे. आता जो तो पडद्यावर सिनेमाच दाखवतो. डोंगर फुटतायत, गाड्या उडतायत, ढोल वाजतायत. विचारलं की हा गेम खेळायचा कसा, तर टोपीवाला पोरगा म्हणतो, "सर, पुढच्या वर्षी येणार आहे." अरे मग यंदा बोलावलं कशाला, हवा खायला? लोक फुकटच्या पिशव्या गोळा करत हिंडतात. आमच्याकडे शनी अमावास्येला एवढी रेटारेटी होते, पण निदान शेवटी देव तरी दिसतो.

आणि ते नवे सीडीवाले गेम! माणसांची तोंडं उकडलेल्या बटाट्यासारखी, आणि त्याला म्हणायचं प्रगती. बंदूक घ्या, दिसेल त्याला मारा, रक्त उडवा. आपण कसे मेलो हे खेळणाऱ्याला कळलंच पाहिजे, नाहीतर तो गेम नव्हे, लबाडी, हे आपलं दोघांचं मत होतं. आठवतं का? राहुरीला एसटी स्टँडच्या मागं आपल्या श्रीमंतचं पत्र्याचं गेम पार्लर होतं. दोनच मशीन, त्यातल्या एकाचा दांडा डावीकडे वळायचाच नाही. पण त्या विमानाच्या गेमनं कधी फसवलं नाही आपल्याला. मेलो तर आपल्या चुकीनं मेलो. ऐन शेवटच्या स्टेजला लाईट जायची, सगळे मार्क पाण्यात जायचे, आणि तू श्रीमंतला आईमाईवरून शिव्या घालायचास. तिथंच आपली ओळख झाली. घरी टीव्हीला जोडायचा गेम तुझ्याकडे आला तेव्हा कॅसेटवर नव्व्याण्णव गेम लिहिलेले होते आणि आत निघाले सातच, तेच उलटसुलट. तू तेव्हा म्हणाला होतास, "अशा चोरांना फटके दिले पाहिजेत." तूच म्हणाला होतास हं.

मच्छिंद्र सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेम करायचं खूळ माझ्या डोक्यात आलं. तुझं डोकं प्रोग्रॅममध्ये चालायचं, हे मी आजही नाकारत नाही. पण गाव माझं होतं. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून भरून मी एकेक घर काढलं. चौकटी आहेत, दारं नाहीत. माणूस दर्शनाला आलाय, त्याला दिवस मावळायच्या आत तेल घेऊन चौथऱ्यापर्यंत पोचायचंय. वाटेत कुठल्याही घरात शिरावं, कुणी अडवत नाही. आत भांडी आहेत, दागिने आहेत, धान्य आहे. उचललं तर उचललं. ना शिपाई, ना कुत्रं, ना घंटी. फक्त उचललं की पडदा जरासा अंधारतो. आणखी उचललं की आणखी. शेवटी गेम चालू असतो, पण दिसत काही नाही. तू आधी हसलास, मग माझे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळलेस आणि म्हणालास, "कान्या, असलं जगात कुणी केलेलं नाही." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं फुशारक्या मारत फिरलो रे.

त्या गेममध्ये आई होती. आमच्याच घरात, चुलीपाशी. खेळणारा दमून आत आला की ती उठायची, तांब्या घेऊन चौकटीपर्यंत यायची, आणि पाणी प्यायलं की एक लाईफ वाढायची. तिचं चालणं मला किती दिवस जमत नव्हतं! डावा पाय जरा ओढायचा, पदर खोचलेला, तांब्याकडचा खांदा झुकलेला. आई अंगणात सडा घालायची आणि मी कागद घेऊन तिच्या मागं मागं. "माझ्या तंगड्यांकडं काय बघतुयास मेल्या?" म्हणायची. मग एकदा बाजाराला राहुरीला आली तेव्हा तिला क्लासमध्ये नेलं. तूच खुर्ची दिलीस तिला. पडद्यावर स्वतःला चालताना बघून पदरात तोंड लपवून हसली. "आगं बया, ही तर ठिपक्याची रांगुळी हाय! आन् मी आशी चालती व्हय रं?" मग जरा रुसून म्हणाली, "लंगडं कशाला दावलंस? नीट चालीव की मला." मी म्हटलं, मग तू आहेस हे कसं कळणार?

आता मुंबईचं ऐक. तुझ्या स्टॉलवर रांग होती. पडद्यावर आमचं गाव. घरं तीच, माझीच, एका घराच्या भिंतीला माझ्या हातून एक चौकोन जास्त भरला गेला होता, तोसुद्धा तसाच. पण अंधार काढून टाकलास. भांडं उचललं की मार्क, दागिना उचलला की जास्त मार्क. सगळ्यात जास्त लुटेल तो जिंकला. आणि आई? आईच्या हातातला तांब्या काढून काठी दिलीस. ती लुटणाऱ्याच्या मागं लागते. तिला ढकललं की ती पडते आणि वर शंभराचा आकडा नाचतो. माझ्या पुढच्या पोरानं तिला चारदा पाडलं आणि टाळी मागितली.

माझी पाळी आली तेव्हा मी काहीच उचललं नाही. नुसता आमच्या घरात शिरलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो. आई आली. काठी तुझी होती, पण चाल तिचीच. तेवढी चाल बदलायचे कष्टही घेतले नाहीस, हे बरं केलंस. तिनं काठी मारली, मी मेलो. परत शिरलो, परत मेलो. मागचे लोक ओरडायला लागले. तुझा टोपीवाला पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला खेळता येत नाहीये." मी म्हटलं, बाबा, अजून एकदाच. तेवढ्यात स्टेजवर टाळ्या झाल्या. बक्षिसासाठी तुझं नाव पुकारलं, आणि हा गेम सुचला कसा ते तू माइकवर सांगायला लागलास. लहानपणी एका वेगळ्याच गावात जायचो, म्हणालास. एवढं तरी खरं बोललास.

आमच्या गावात चोरी केलेला माणूस आंधळा होतो, शिवेच्या पार जात नाही म्हणतात. तू तर पार मुंबईला पोचलास, डोळेही शाबूत आहेत. शेजारच्या गोरक्षला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आरं पन ती चोरी हुतीच कुठं?" तेच तर दुखणं आहे. तू आलास त्या दिवशी मी नेवाशाला गेलो होतो. तू घरात शिरलास, फळीवर आपल्या गेमची फ्लॉपी होती, आईला म्हणालास की कान्यानं राहुरीला मागवलीय. आमच्याकडे जाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कुणी विचारत नाही, आणि आई तर तुझ्या हातात आपणहून देणारी. तुझा हात फळीला पोचेना म्हणून तिनंच स्टुलावर चढून ती काढून दिली. धूळ लागू नये म्हणून धुतलेल्या फडक्यात बांधली, वर दोन भाकरी आणि ठेचा. ते फडकं तरी ठेवलंयस का रे?

संध्याकाळी मी आलो तर तिनं कौतुकानं सांगितलं, "योगेश आल्ता, तुझी वस्तू दिली बग मी त्याला." मला त्याच क्षणी कळलं. राहुरीला मी काही मागवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो तर तू आदल्याच दिवशी मुंबईच्या गाडीत बसला होतास. क्लास पुढं बंद पडला, कॉम्प्युटर विकले, दुसरी प्रत कुठंच उरली नाही. लोक म्हणाले, बोंब मार, त्याच्या वडिलांना सांग. पण बोंब मारली असती तर ती आधी आमच्याच घरात ऐकू गेली असती. ती फ्लॉपी आपल्याच हातानं चोराला दिली, हे आईला कळलं असतं. ज्या बाईनं जन्मात चौकटीला दार लावलं नाही, तिला ते झेपलं नसतं. म्हणून मी गिळलं. तिनं विचारलं की सांगायचो, पोचली गं, योगेश काम करतोय त्याच्यावर.

गेल्या श्रावणात आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा उठलीच नाही. पडल्या पडल्याही तुझीच चौकशी. "योगेश बरेच दिस झालं आला न्हाई. लई काम आसंल पोराला." मी हो म्हणायचो आणि तोंड फिरवून बाहेर यायचो, तुझ्या नावानं दात खात. दसऱ्याआधी गेली. तुला कळवलं नाही, मुद्दाम कळवलं नाही.

आता ती नाही, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. तुझं बक्षीस तुझ्याजवळ ठेव, तुझं नाव ठेव, गेमचं काय वाट्टेल ते कर, मी कुणाकडे जाणार नाही. आईचा एकच फोटो आहे माझ्याकडे, मतदानाच्या कार्डावरचा, त्यात ती बाई कोण आहे हे मलाही सांगता येत नाही. चालणारी आई फक्त त्या फ्लॉपीत आहे, हातात तांब्या घेतलेली. ती मला परत दे. पोस्टानं पाठवू नकोस, मोडेल. स्वतः ये. मी घरी नसलो तरी आत ये, फळीवर ठेव आणि जा. दार अजून बसवलेलं नाही. तू काय नेलंस हे तेव्हा कुणी विचारलं नाही, काय आणलंस हेही कुणी विचारणार नाही.

तुझाच, म्हणजे एकेकाळचा,
कानिफ