एक्केचाळीस सकाळी

४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राचं पाकीट पाहून दचकू नका, सगळे बरे आहोत. फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला हो हो करता आणि आठवड्याने तेच मला पुन्हा विचारता. म्हणून हे कागदावर.

मी पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करते आहे. हवं तर पुन्हा एकदा वाचा. अठरा वर्षं इतरांच्या प्रयोगांसाठी नळ्या धुतल्या, तापमापक तपासून ठेवले, आता स्वतःचा एक प्रयोग करावा म्हणते. विषय विद्यापीठाच्या हवामान विभागातल्या बाईंनीच काढला. चाळिशी उलटली की तिथे घेत नाहीत आणि मला नोव्हेंबरात चाळीस पूर्ण होतील, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. तुमच्या नातीने आत्ताच बजावलंय, की एका टेबलावर अभ्यास करायचा तर खिडकीची बाजू तिची.

बाबा, माझा सगळा आराखडा तुमच्या नोंदींवर उभा आहे. सुट्टीत आले तेव्हा हवामान केंद्राच्या जुन्या वह्यांचे फोटो काढून नेले होते ना, ते मी दरीतल्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहिले. दोन्हींतला फरक एकतीस वर्षं जवळपास ठरलेला आहे. फक्त मी तीन वर्षांची होते त्या वर्षी, मार्च-एप्रिलचे एक्केचाळीस दिवस, आपला डोंगरमाथा नेहमीच्या हिशेबाने असायला हवा त्याहून रोज तीन दशांश अंशाने उबदार आहे. बेचाळिसाव्या दिवशी सगळं पूर्ववत. बाईंच्या मते माथ्यावर उबदार हवेचा थर साचून राहिला असावा, आणि असं कुणी नोंदवलेलं नाही. हाच माझा शोध, आणि याच्याच जोरावर मला घेतील असं त्यांना वाटतं.

तर आठवून सांगा. त्या दिवसांत तापमापक बदलला होता का? पेटी हलवली होती का? आणि एक गंमत, त्या पानांवरचा पाच तुमच्या पाचासारखा दिसत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. तुमच्या उत्तराची आणि नेहमीच्या मायेची वाट बघते.

तुमची,
चिंगी


११ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आपल्या घरात डॉक्टर होणार म्हणून शेजारच्या मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी लगेच पाठदुखीवर काय घ्यावं ते विचारलं. त्यांना फरक समजावण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

तू विचारलेल्या वर्षाचं एवढं आठवत नाही. ऊन जास्त असेल. तापमापक तोच, पेटी तिथेच. पाचाचं म्हणशील तर माझ्या बोटाला काही तरी लागलं होतं बहुधा. इतक्या जुन्या गोष्टी उकरण्यापेक्षा अलीकडची वर्षं घे ना, त्या नोंदी जास्त सुबक आहेत.

गुडघा ठीक आहे. नातीला म्हणावं, खिडकीपाशी बसणाऱ्याचं लक्ष बाहेर जातं. तुझं पत्र आलं की दिवस बरा जातो, एवढं लक्षात असू दे.

तुझा,
बाबा


२० जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले, आणि मग हसू थांबलं. बोटाला काय लागलं होतं? ज्या माणसाला एकतीस वर्षांतली कुठलीही गारपीट तारखेसकट आठवते, त्याला एवढं मोठं बोट आठवत नाही?

लहानपणी मी एकदा तुमच्या वहीत उगाच एक आकडा लिहिला होता. तुम्ही मारलं नाहीत. फक्त शेजारी बसवून सांगितलंत, की आकडा एक तर पाहिलेला असतो नाही तर नसतो, मधलं काही नसतं. मी आजही नवीन मुलांना प्रयोगशाळेत हेच सांगते, तुमचं नाव न घेता.

अर्जात एक रकाना आहे. नोंदी कोणी घेतल्या, आणि त्या खऱ्या असल्याचं मी प्रतिज्ञेवर सांगते, असा. तिथे मी तुमचं नाव लिहिणार आहे. लिहू ना?

तुमच्यावर रागावलेली नाही. खरं कळावं एवढीच इच्छा.

चिंगी


२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

त्या एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी मी घेतलेल्या नाहीत. मी इथे नव्हतोच.

मीही असाच अर्ज केला होता. तुला कधी सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. पदार्थविज्ञानाची पदवी होती, डोक्यात एक प्रश्न होता, वय चौतीस. विद्यापीठाने बोलावलं, पण अट अशी होती की सहा आठवडे तिथे राहून काम करून दाखवायचं आणि मग मुलाखत. केंद्रावर मी एकटा निरीक्षक, रजा मिळणं शक्य नव्हतं. मी जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. तुझी आई म्हणाली, की सात वाजता पेटी उघडायची, पाऱ्याची वरची कड बघायची आणि लिहायचं, यात मला न येण्यासारखं काय आहे? तिची शाळा चौथीपर्यंतची. पण रोज मी नोंद घेताना ती अंगणातून बघत असे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी गेलो. एक्केचाळीस दिवस ती तुला कडेवर घेऊन टेकडी चढली.

मुलाखतीत एका गृहस्थांनी सहज विचारलं, की आज सकाळी तुमच्या केंद्रावर तापमान किती होतं? मी एक आकडा ठोकून दिला. त्यांनी विचारलं, तुम्ही इथे, मग तिकडे कोण आहे? मी सांगितलं, माझा सहायक. चिंगे, ती तिथे रोज सकाळी खड्या चढणीच्या वाटेवरून मूल घेऊन चढत होती, आणि मी तिला तिचं नावही दिलं नाही.

यादीत माझं नाव आलं नाही. कारण कळवलं नव्हतं. मी मात्र तो आकडाच कारण धरून बसलो. परत आलो तेव्हा तिने वही पुढे ठेवली आणि एवढंच म्हणाली, की एकही सकाळ चुकवलेली नाही. मी एका बैठकीत एक्केचाळीस सह्या केल्या. वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात म्हणून तीन पेनं वापरली. पाच तिचा आहे.

तुझ्या शोधाचं काय होईल ते मला कळतंय. म्हणून पहिल्या पत्रात तसं लिहिलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी लिहितो.

बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
न. वि. वि.

चार दिवस पत्र लिहावंसं वाटलं नाही. तुम्ही गेलात याचा राग नाही. आई सहा वर्षांपूर्वी गेली, तिच्या शेवटच्या आजारात मी दोन महिने तिच्या उशाशी बसले होते, आणि यातला एक शब्द तिने मला सांगितला नाही. मला राग याचा आहे, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

बाईंना सांगितलं. त्यांनी आधी ती पानं पुन्हा काढून पाहिली. मग म्हणाल्या, तेवढे दिवस गाळून टाक आणि कारण लिहू नकोस. एकदा वहीतल्या सह्या खोट्या निघाल्या की समिती एकतीसच्या एकतीस वर्षं बाजूला ठेवील, आणि मग अर्जात काही उरणार नाही. त्या चुकीचं बोलत नाहीत. ऐकलं तर तुमची अब्रू राहते आणि कदाचित माझा प्रवेशही. उबदार थर मात्र गेलाच, तो कधी नव्हताच.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आई आकडे मनाने लिहीत असती तर कधी जास्त आले असते, कधी कमी. हे रोज तीन दशांशच का जास्त? मला एक शंका आहे. आपल्या तापमापकाचे आकडे काचेवर नव्हते, पाऱ्याच्या मागच्या पांढऱ्या पट्टीवर होते. डोळा पाऱ्याच्या समोर नसून खाली असेल, तर पारा पट्टीवर असतो त्याहून वर दिसतो. पेटीसमोर उभं राहायला पायरी होती का? आईची नजर कुठवर पोचत असेल?

आणि मुख्य ते विचारते. हे सगळं मी अर्जात लिहू का? तुम्ही नको म्हणालात तर दिवस गाळेन आणि तुम्हाला कधी बोल लावणार नाही.

चिंगी


१५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पायरी होती. मी उंच, मला ती पायात यायची, म्हणून रुजू झालो त्याच वर्षी काढून टाकली. जाताना तिला सगळं समजावलं, कोणता आकडा आधी, कोणता नंतर. पायरी मात्र माझ्या डोक्यातही आली नाही.

आता केंद्रावर यंत्र बसवलंय, ते आपलं आपण लिहितं. जुनी पेटी तशीच उभी आहे, आत तापमापकही आहे. तिथला नवा निरीक्षक भला माणूस. त्याला म्हटलं, मला थोडा वेळ इथे उभं राहू दे. आधी सरळ उभा राहून वाचलं. मग तुझी आई माझ्या खांद्याच्या जरा खाली येई, ते आठवून तेवढे गुडघे वाकवले आणि वाचलं. पुन्हा सरळ, पुन्हा वाकून. नऊ वेळा केलं. निरीक्षकाला वाटलं म्हाताऱ्याला व्यायाम सांगितलाय डॉक्टरांनी. आकडे सोबतच्या कागदावर आहेत. प्रत्येक वेळी तीन दशांश, एकदा फक्त साडेतीन, तेव्हा माझा तोल गेला होता.

तिथून पेटी केवढी उंच दिसते ते मला सत्तराव्या वर्षी कळलं. पारा नीट दिसावा म्हणून ती टाचा उंचावत असेल, आणि कडेवर तू.

सगळं लिही. तीन पेनंही लिही. माझ्या अब्रूचा विचार तू करू नकोस, तो मला करू दे.

गुडघे बोलतायत, पण तक्रार नाही. तुझी आठवण रोज काढतो.

बाबा


२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल मुलाखत झाली. मुद्दाम फोन केला नाही, सगळं नीट सांगायचं होतं.

अर्ज बारा दिवसांत नव्याने लिहिला होता. उबदार थर काढला. जुन्या केंद्रांच्या वह्यांत निरीक्षक बदलल्याच्या खुणा आकड्यांवरून कशा ओळखायच्या आणि मग त्या नोंदी कशा दुरुस्त करायच्या, हा आता विषय. बाईंनी शिफारसपत्र दिलं, पण माझ्याकडे न बघता.

समोर तिघे जण. मधल्या वयस्कर बाईंनी तुमचा तो कागद हातात धरला होता. त्यांनी सरळ विचारलं, की ज्या माणसाने एक्केचाळीस खोट्या सह्या केल्या त्याच्या बाकीच्या तीस वर्षांवर आम्ही का विश्वास ठेवायचा? बाबा, मला वाटलं आता रडू येणार. आलं नाही. मी सांगितलं, की त्याच्यावर ठेवू नका, दरीतल्या आकड्यांशी ताडून बघा, प्रत्येक वर्ष बघा. आणि त्या एक्केचाळीस दिवसांपुरतं म्हणाल, तर मनाने आकडे लिहिणारा माणूस रोज एवढाच आणि एकाच बाजूला चुकत नाही. इतकी सारखी चूक फक्त रोज खरोखर तिथे जाऊन बघणाऱ्याच्याच हातून होते.

मधल्या बाईंनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, निरीक्षकाचं शिक्षण किती? मी म्हटलं, चौथी. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही.

आज दुपारी यादी लागली. सात जागांत सातवं नाव माझं आहे. अट अशी, की पहिल्या वर्षात तुमच्या सगळ्या वह्या पुन्हा तपासून दाखवायच्या, त्याआधी त्यांतला एकही आकडा वापरायचा नाही. तुमच्या नातीने खिडकीची बाजू मला सोडलीय, आठवड्यातले तीन दिवस.

मेमध्ये येते, वह्या घेऊन बसू. तोवर माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुमची,
चिंगी


९ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

सातवी आलीस. मी तर यादीतच नव्हतो, तेव्हा घरात तू पहिली.

आज पत्र मिळालं तसाच केंद्रावर गेलो आणि त्या वर्षाची वही मागितली. निरीक्षक म्हणाला, काका, ही आता कोण बघतंय? पण दिली, आणि खुर्चीही दिली. चुकलेली नोंद खोडायची नसते, तिच्यावरून एक रेघ ओढायची, म्हणजे खालचं वाचता येतं. तशी माझ्या प्रत्येक सहीवरून एक रेघ ओढली. शेजारी आजची तारीख टाकली आणि निरीक्षक म्हणून तुझ्या आईचं पूर्ण नाव लिहिलं. या वेळी पेन एकच.

एक्केचाळीस वेळा लिहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिचं नाव एवढ्या वेळा कधी लिहिलं नव्हतं.

तुझा,
बाबा