आवडीचा वर्ग

४ नोव्हेंबर १९९१
निवृत्तीला तीन महिने झाले. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत सुपरवायझर म्हणून आयुष्य घालवलं, आता समाजाचं ऋण फेडायचं. खरवईच्या देवळाच्या पडवीत प्रौढ साक्षरता वर्ग घेणार. मानधन शून्य, अपेक्षा शून्य. अभियानाच्या ऑफिसात सत्कार कधी असतो, एवढं फक्त सहज विचारून ठेवलं. सव्वीस जानेवारीला. शाल दिली तर नाकारायची. नाकारण्याचं भाषण आजच लिहिलं. चांगलं झालंय.
वृंदाला म्हटलं, तूही ये. म्हणाली, मला शिवण आहे. बायकोला सामाजिक जाणीव मुळीच नाही.

८ नोव्हेंबर
उल्हासनगरहून पाट्या आणल्या. दुकानदार म्हणाला, साईं, होलसेल में ले लो. तीन डझन घेतल्या.
वर्गाला आलं एक कुत्रं.
हजेरी दहाच्या खाली गेली तर वर्ग बंद, असा नियम आहे. घरी चिडचिड केली. वृंदा म्हणाली, वेणूबाईशी बोलून बघते. वेणूबाई आमच्याकडे भांडी घासते, खरवईचीच. तिला यातलं काय कळणार?

१३ नोव्हेंबर
चौदा बायका! परवा पारावर पाच मिनिटं बोललो होतो, त्याचा परिणाम.
न राहवून विचारलं, दिवसभर भात झोडून दमता, तरी येता कशा? कौसाबाई म्हणून सगळ्यांत वडील आहेत, त्या म्हणाल्या, "आमी समद्या सावडीनं येतो, सायेब." डोळ्यांत पाणी आलं. आवडीला सावड म्हणतात बिचाऱ्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आवड' लिहिलं आणि वाचून दाखवलं. कौसाबाई म्हणाल्या, सुरवातीचा 'स' ऱ्हायला. म्हटलं, 'स' नसतोच. सगळ्यांकडून पुसून पुसून दहादा लिहून घेतलं.

२९ नोव्हेंबर
घरभर कटपीस. वृंदा सकाळपासून मशीनवर. झंपरांचा ढीग पडलाय आणि एकाचेही पैसे घेत नाही. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणे, बायकांची. कष्ट आहेत, पण मागे ध्येय नाही.
वर्गात चार-पाच जणींच्या अंगावर नवी झंपरं दिसली. शिक्षणाने राहणीमान सुधारतं. अहवालात घालणार.

१९ डिसेंबर
वृंदा मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. स्वयंपाक माझ्याकडे. आमटी वाईट नव्हती, ती गप्प बसली यावरून सांगतो. तरी वर्ग चुकवला नाही.
हजेरी नऊ. थंडी आहे.

२३ डिसेंबर
हजेरी चार. थंडी कमी झालीय. बहुतेक टीव्ही.

३ जानेवारी १९९२
हजेरी एक. कौसाबाई.
सोमवारी अभियानाचे साहेब तपासणीला येणार. वेणूबाईला गाठलं, हात जोडायचेच बाकी ठेवले. ती म्हणाली, वयनींचा हात मोडला, शिवण थांबलं, "आता सावड फिटली." म्हटलं, अगं, आवड कशी फिटेल? ती हसायलाच लागली. "आवड नाय वो, सावड! लावणीला नाय का, आज तू माज्या शेतात, उद्या मी तुज्या? तसं वयनींनी झंपर शिवायचं, आमी तुमच्याकडं बसायचं."
घरी येऊन वृंदाला विचारलं, हे खरं का? म्हणाली, तुम्ही दिवसभर खिडकीत बसून असायचात. बघवेना.
वाईट वाटलं. फार वाटलं.

६ जानेवारी
साहेब आले. हजेरी बघून म्हणाले, बंद करा. मी काहीतरी थंडीचं सांगत होतो. तेवढ्यात कौसाबाईंनी पाटी पुढे केली. 'सावड.' 'स' ठसठशीत. काना, शिरोरेघ, सगळं जिथल्या तिथे. साहेबांनी शाबासकी दिली. त्यांना. मला पंधरा दिवसांची मुदत.
साहेब गेले. म्हटलं, कौसाबाई, तुम्ही तरी आवडीनं येता. त्या संकोचल्या. म्हणाल्या, "नाय सायेब. माजं एक झंपर जास्तीचं झालंया. त्ये फिटायचंय."

७ जानेवारी
संकल्प. वृंदाने सांगायचं, मशीन मी चालवायची. हुक आणि काजंही मीच. वर्ग टिकला पाहिजे. यात माझा कसलाही स्वार्थ नाही.
भाषण फाडलं नाही, कागद चांगला आहे. मागच्या कोऱ्या बाजूला वेणूबाईची मापं लिहून घेतली.
पहिला हुक लावला. वृंदाने पाहिला, डाव्या हाताने उसवला आणि पुन्हा लावायला दिला. आतापर्यंत चारदा.