ताईने सांगितलेला सिनेमा

१२ जानेवारी

ताई,

सकाळी तुझं कपाट आवरलं. वहिनी म्हणाली, "त्या गेल्याला महिना झाला, आता कपडे ठेवून काय करायचं?"

दुपारी टीव्ही लावला, तर आपला तो काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा. धुकं, मोठं घर आणि वरची कुलूपबंद खोली. लहानपणी थेटरात तू मला सगळं कानात समजावून सांगायचीस. ती भाषा तुला येते, असंच मी धरून चालले होते. घोड्यावरचा मालक शिकवणीच्या बाईंशी गंभीरपणे बोलू लागला की तू म्हणायचीस, "म्हणतोय, चहा टाका, घोडा दमलाय." मी खिदळले की मागचे काका म्हणायचे, "पोरींनो, घरी जाऊन बोला."

आज खाली मराठी ओळी येत होत्या. मालक म्हणत होता, "तुम्ही गेलात तर हे घर मला खायला उठेल."

पुढचं वाचवेना. त्या ओळी बंद केल्या आणि तुझे संवाद आठवत बघत राहिले. शेवटी त्या बाई परत येतात, तिथं तू त्यांच्या तोंडी काय घालायचीस, ते काही केल्या आठवेना. मग मीच काहीतरी जुळवलं आणि सिनेमा संपेपर्यंत मोठ्यानं म्हणत राहिले.

तुझी,
धाकटी