मीठ बंद म्हणे!

५ मार्च १९६२, सोमवार
तुळशीराम डॉक्टरवर सूड उगवायचा. ठरलं. कालचा पोरगा. भरल्या दवाखान्यात मला, जासईच्या तीन मिठागरांच्या मालकाला, म्हणाला, प्रेशर दोनशे दहा, मीठ बंद. बाकावर दोन मीठवाले व्यापारी होते. हसले.

६ मार्च
अळणी आमटी. बायकोला, चंद्रावतीला, बोललो. ती रडली. मोरा बंदरातून खारे बांगडे मागवले. गोदामात ठेवलेत.

७ मार्च
शत्रूचं शास्त्र त्याच्याच तोंडून काढून घेतलं. मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात. मीठ-पाणी कमी पडलं की त्या हार्मोन सोडतात. ते अंगात मीठ धरून ठेवतं. मीठ-पाणी भरपूर झालं की ग्रंथी गप्प. म्हणजे भरपूर मीठ खावं, ग्रंथी गप्प, प्रेशर खाली! एवढं शिकून त्याला सुचलं नाही. शनिवारी नॉर्मल प्रेशर दाखवणार. त्याच बाकासमोर. मग त्याने पाटी उतरवून पनवेल सोडावं.

८ मार्च
बांगडे चार. मिठाचं पाणी, तीन तांबे. डोकं ठणकतंय. प्रेशर उतरत असणार.

९ मार्च
पाय लटपटतात. जिन्यात बसलो. विजयाची उत्सुकता, दुसरं काय. डॉक्टरने बाटली पाठवली. चोवीस तासांची लघवी मुंबईला तपासायची आहे. खुशाल तपास.

१० मार्च
दोनशे चाळीस. यंत्र बिघडलंय, असं स्पष्ट सांगितलं. त्याने तिथेच झोपवून ठेवलं, औषध पाजलं. घाबरला असावा.

२४ मार्च
रिपोर्ट आला. भर दवाखान्यात सांगून टाकलं, मूठमूठ मीठ खाल्लंय, तुझं शास्त्र खोटं.
"ठाऊक आहे, काका," तो हळूच म्हणाला. "काकू नऊ तारखेला रडत आल्या होत्या. म्हणून तर बाटली पाठवली."
मग रिपोर्ट समजावला. लघवीत ते हार्मोन भरपूर, एवढं मीठ खाऊनही माझ्या ग्रंथी गप्प बसल्या नाहीत. म्हणजे एकीवर गाठ असणार. मीठ खाऊन मी जीवच घालवला असता, पण रोग सापडला तो त्यामुळेच.
घरी चंद्रावतीला विचारलं, का सांगितलंस?
"तुमी गेल्यावर सांगू काय?"
जेवलो. अळणीच.

२ मे, मुंबई
ऑपरेशन झालं. मटाराएवढी गाठ. प्रेशर एकशे तीस. तुळशीराम भेटायला आला. माझी केस मोठ्या डॉक्टरांसमोर वाचणार म्हणाला. मी म्हटलं, नाव नीट लिही, कमळाकर, मिठागरांचे मालक.
नाव देत नाहीत, म्हणाला. नुसतं 'रोगी, वय बावन्न'.
चंद्रावती दोन महिन्यांनी हसली.
वय एकावन्न आहे. पण मी चूक काढली नाही.