मोठ्याने म्हणायचा शब्द

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर अजून तसंच आहे, नीट लावून वाच. इकडे सगळं ठीक. सिनेमागृहाच्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचं काम आमच्या दुकानाला मिळालंय. तुझे भावोजी दिवसभर तोंडात खिळे धरून काम करतात, त्यामुळे घरात बरीच शांतता आहे.

काल शिवता शिवता आईची आठवण आली. आपल्या घरात ‘गरीब’ या शब्दाला बंदी होती, आठवतं? ‘ओढाताण’ चालायची, ‘सध्या नको’ चालायचं. बाबा शिडीवरून पडले, त्यांचं रंगकाम सुटलं आणि आई लोकांच्या चादरी धुवायला जाऊ लागली, तेव्हासुद्धा. एकदा शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, बिचारी गरीब माणसं. आईने त्यांना चहा दिला आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्याकडे बघितलंदेखील नाही.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नसणार. तू लहान होतास, खेळताना तुझ्या डोळ्यात तार घुसली. मोठ्या इस्पितळात गरिबांसाठी काही खाटा मोफत ठेवलेल्या होत्या. आईने ठेवणीतले कपडे घातले, तुला खांद्यावर टाकलं आणि मला बरोबर घेतलं. तिथल्या कारकुनाने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो म्हणाला, तुम्ही तशा दिसत नाही. मागे ही मोठी रांग. मला वाटलं, आई आता तडक माघारी वळणार. ती जागची हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आम्ही गरीब आहोत. कपडे धुतलेले आहेत, एवढंच. मोफत खाटांतली एक माझ्या मुलाला हवी आहे.”

खाट मिळाली. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, डोळा वाचला. बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, घरात तर हा शब्द तू काढू देत नाहीस. ती म्हणाली, “घरात सारखा म्हटला की तो अंगात मुरतो. मग आपण म्हणजे तेवढेच, असं वाटायला लागतं. इथे तो फक्त आपल्याजवळ काय नाही ते सांगतो. इथे लाजले असते तर तुझ्या भावाचा डोळा गेला असता.”

आमच्या दुकानाला आग लागली, त्या वर्षी मीही तो शब्द कापडाच्या व्यापाऱ्यासमोर उच्चारला. त्याने माल उधार दिला. माझं काही झिजलं नाही बघ.

आता तुझं. बायकोवर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. तुझा छापखाना बंद पडलाय आणि तू रोज कामावर गेल्यासारखा डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसतोस, हे मला कळलंय. तुझ्या लेकीची शाळा अडचणीतल्या घरांना फी माफ करते. तू मात्र पोरीचं नाव शाळेतून काढायला निघालास, पण मुख्याध्यापिकेसमोर तोंड उघडायला तयार नाहीस. काम तुला मिळेल, तुझ्यासारखा रंग जुळवणारा माणूस कोणी फार दिवस मोकळा ठेवत नाही. पण पोरीचं वर्ष तोवर थांबणार नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. आपण दोघं शाळेत जाऊ. मी शेजारच्या खुर्चीत बसेन, बोलायचं मात्र तू.

तुझीच,
नाही म्हटलंस तरी येणारी ताई