मुरूम लागेपर्यंत

१२ मार्च ६३. अमरावती

कानामागचा होळीचा रंग निघाला नाही, तसाच हपिसात हजर झालो. तात्पुरता खलाशी, पावसाळा लागेपर्यंत. खलाशी म्हणजे इंजिनियर साहेबांच्या टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस. समुद्र जन्मात पाहिला नाही, अन् खलाशी. नववी नापास, मग वरूडला संत्र्याच्या पेट्या ठोकल्या, मग टुरिंग टॉकीजच्या टांग्यात बसून भोंग्यात सिनेमाची जाहिरात. तो टांगा एकदा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहायला परस्पर वळवला, तिथं ती नोकरी संपली. आता हे.

साहेबांचं नाव मोहरील. माझ्या खांद्याएवढे, नाकात सदा तपकीर. सरकारी पैशानं बांधलेली घरं, नाल्या, विहिरी, शाळा कागदाप्रमाणे झाल्यात की नाही ते जागेवर जाऊन पाहायचं, हे त्यांचं काम. पहिलंच बोलणं: "टेप ताठ धरायची, ओढायची नाही. ओढली की ती खोटं बोलते." दुसरं: उद्या कुठं जायचं ते आज कोणाला सांगायचं नाही, आईलाही नाही. आई नाही म्हटलं. "मग सोपं आहे," म्हणाले. नंतर तोंड फिरवून बराच वेळ तपकीर ओढत राहिले. त्यांनाच वाईट वाटलं असावं.

१९ मार्च. तिवसा

आज गजब पाहिलं. नवी नाली तपासायची होती. साहेबांनी टेप काढलीच नाही. वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओतायला लावलं, त्यात कडुनिंबाचं एक पान सोडलं, अन् हात मागे बांधून त्या पानाच्या चालीनं चालू लागले. वरातीत चालतात तसे. निम्मा बाजार मागे. पानवाला म्हणे, "चक्कीसमोर अडकते पाहा, लावता का पैज?" नाही अडकलं. पानवाल्यानं दुकान उघडं टाकून पुढचं पाहायला यायचं ठरवलं.

शेवट मात्र मी पाहिला नाही. नागपूर रस्त्यावर एक ट्रक जॅकवर चढवून राहिले होते, तिथं जरा हात लावायला थांबलो. परत आलो तर साहेब एकटेच ओढ्याशी उभे. पान इथवर आलं म्हणाले. चेहरा असा, की घरची पोरगी मॅट्रिक झाली. मग विचारलं, "टेप कुठं आहे?"

टेप ट्रकवाल्याजवळ. पळालो.

२८ मार्च. वरूड

शाळेच्या दोन खोल्या. साहेब भिंतीला कान लावून हातोडी वाजवतात, डॉक्टर पाठीवर वाजवतो तशी. विटेवर पाणी टाकतात अन् ती किती पिते ते पाहतात. सगळं चोख निघालं. ज्यानं बांधलं तो बिचारा तरी घामाघूम.

परतीच्या मोटारीत टपावर साहेबांच्या सायकलीशेजारी कोणीतरी संत्र्यांची टोपली चढवली, "साहेबांची" म्हणून. गाव सुटल्यावर साहेबांना कळलं. मोटार थांबवली, स्वतः शिडीनं वर चढले, टोपली रस्त्याच्या कडेला उतरवली. लोक बोंबलले. एक म्हातारी म्हणे, "मोठा हरिश्चंद्र लागून गेला, आमाले तरी वाटून द्याची." साहेब तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवत बसले.

मला ते फार आवडलं. माझ्या खिशात दोन संत्री होती. ती खाल्ली. साली साहेबांनी पाहिल्या असाव्यात.

९ एप्रिल. अकोला

दौऱ्याची यादी पाहिली. परवा ग. वसाहत. (गावाचं नाव लिहीत नाही. साहेबांचा नियम वहीलाही लागू.)

ग.ला माझी पुंजामावशी राहते. आई गेल्यावर चार वर्षं मी तिच्याच ताटात जेवलो. नाल्याकाठच्या झोपड्यांतल्या लोकांसाठी सरकारनं तिथं चौदा घरं बांधलीत. बहुतेक आमचेच लोक, छप्पन साली दीक्षा घेतलेले. नऊ नंबर मावशीचं. मागच्या पावसात नाला झोपडीत शिरला तेव्हा तिनं बाज विटांवर चढवली अन् तीन दिवस लेकरं तिच्यावर बसवून काढले. धाकटीचा खोकला तेव्हापासून गेलेला नाही. बुद्धपौर्णिमेला नव्या घराच्या किल्ल्या मिळणार. पण त्याआधी तपासणीचा कागद लागतो. साहेबांनी 'ठीक' लिहिलं तर घर. नाही लिहिलं तर पुन्हा नाला.

दुपारच्या मोटारीनं जाऊन मावशीला सांगून आलो. परवा साहेब येऊन राहिले, एवढंच. चूक आहे हे माहीत होतं.

११ एप्रिल. ग.

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

गेलो तर चौदाही घरांच्या भिंती ओल्या. बायांनी पाहुणा येणार म्हणून पांढऱ्या मातीनं घरं पोतारली होती, दारात रांगोळ्या. साहेबांनी ओली भिंत पाहिली, मग मला पाहिलं.

दारं, खिडक्या, छपराचे कवेलू, सगळं मापात. मावशी नव्या कपबशीत चहा घेऊन आली. नको बाई, साहेब म्हणाले. मग ताटातला पाण्याचा लोटा पुढं केला. तेही नको, माझं आहे, म्हणून पिशवीतल्या तांब्याकडे बोट. मावशीनं ताट खाली ठेवलं.

"आमच्या घरचं चालत नसन तं तसं सांगा साहेब. आमाले सवय हाय."

मी वरूडची टोपली सांगणार तोच साहेब कानापर्यंत लाल झाले. लोटा उचलून सगळा प्यायले. म्हणाले, तपासताना चहा कोणाचाच घेत नाही, पाणी मात्र आणखी असेल तर द्या. मावशीनं दिलं. तिला पटलं की नाही, तिचं तिलाच माहीत.

मग नऊ नंबरची आतली खोली. टेपचं टोक घेऊन मी खिडकीशी गेलो अन् दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून थेट जमिनीपर्यंत तिरकी भेग, बोटभर रुंद, माती भरून पोतारलेली. हात आपोआपच तिच्यावर गेला. पंजा टेकून उभा राहिलो. साहेबांनी माप वाचलं, पण वहीत लिहिलं नाही. बाहेर जाऊन कडुनिंबाखाली एक घमेलं पालथं घालून त्यावर बसले.

अर्धा तास झाला, जास्तच. कोणाला कळेना काय चाललंय. ठेकेदाराचा मुकादम जेवायचं विचारून गेला. मावसा मला म्हणे, "तुह्या सायबाले ऊन लागलं का रे?" मी आपला भिंत धरून. जसा काही मी सोडली तर पडेल.

अन् एप्रिलचं ऊन. बघता बघता भिंत वाळली, पांढरीफट्ट झाली. फक्त भेगेत जिथं माती जाड भरली होती तिथं ओल राहिली. माझ्या हाताच्या वर एक काळी रेघ, हाताच्या खाली एक काळी रेघ. साहेब आत आले.

"किसन, हात काढ."

काढला. पंजाचा ठसा उठला होता.

मग भिंतीला लागून खड्डा खणला. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिच्यावर घर बसवलं तर ते तिच्यासंगं हलतं. म्हणून खाली मुरूम, म्हणजे न हलणारा कडक थर, लागेपर्यंत खणून मग पाया भरायचा. कागदावर चार फूट, सरकारातून पैसेही चार फुटांचेच उचललेले. निघाला दीड. त्याच्या खाली साहेबांनी स्वतः पहार मारली, लोण्यात जावी तशी गेली.

पंचनाम्यावर राहणाऱ्यांपैकी दोघांची सही पाहिजे. मुकादम हळूच म्हणाला, "करा सह्या. मंग पाहू किल्ल्या कशा भेटतात." गडीमाणसं एकमेकांकडे पाहून राहिले. साहेबांनी कोणाला समजावलं नाही की धाक घातला नाही. सरळ सांगितलं: सही झाली तर पौर्णिमेला घर मिळणार नाही. पावसाआधी मिळेल, असंही मी सांगू शकत नाही.

मावशीनं साहेबांना विचारलं नाही, मला विचारलं. "हे पडीन का रे किसन?"

म्हटलं, माहीत नाही.

"मंग हात काहून ठेवला होता?"

तिनं पदराला हात पुसले. "माही लेकरं त्याच भिंतीखाली निजतीन ना. आना तो कागद." चार अक्षरं लिहायला तिला बराच वेळ लागला. चौदा नंबरचा सोनबा म्हातारा पुढं झाला, म्हणे, पुंजाबाईनं केली तं माहाबी घ्या आंगठा.

१२ एप्रिल. अकोला

साहेबांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, बातमी मीच दिली अन् भेगही पाहिली होती. ते रिपोर्ट लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पाहिली होती ते कळलं. हात टेकायला भिंतीवर दुसरी जागा नव्हती का?"

मग लिहिलेलं वाचून दाखवलं. तपासणीची खबर आगाऊ गेली होती. खलाशी माझा, त्याअर्थी चूक माझी. बस. म्हटलं, माझं नाव घाला, तुम्हाला कशाला. "तुला काढून टाकतील. मला विचारतील." पुन्हा लिहायला लागले.

असा माणूस मी पाहिला नाही. शंकरपटात बैल पाहिलेत असे. हाकललं तरी वाकडं जात नाहीत.

१४ एप्रिल. ग.

जयंती. मिरवणुकीत मागे मागे चाललो. सहा नंबरवाला तोंडावर म्हणाला, "तुह्या सायबानं आमची घरं खाल्ली बाप्पा." मावशीनं वाढलं, पण समोर बसली नाही.

३० एप्रिल. अमरावती

हुकूम निघाला. चौदाही घरांचा पाया ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं खाली न्यायचा. भिंत न पाडता. तीन तीन हातांचा तुकडा खणायचा, दगड-चुन्यानं भरायचा, तो धरला की पुढचा. साहेबांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हटलं, चालत्या माणसाला जोडा घालायचा म्हणा. हसले. दीड महिन्यात पहिल्यांदा दात दिसले, वरचा एक नाही.

ठेकेदार तक्रार घेऊन वरच्या साहेबांकडे गेला आहे. साहेबांना वरून तिसऱ्यांदा बोलावणं. खबर फुटली कशी, एवढं एकच विचारतात म्हणे. पाया दीड का, ते कोणी विचारत नाही. साहेब दर वेळी धुतलेला सदरा घालून जातात अन् तेच उत्तर देऊन येतात.

८ मे. ग.

बुद्धपौर्णिमा. किल्ल्या नाहीत. मावशीनं खीर केली, झोपडीतच. नऊ नंबरच्या ओट्यावर दोन मेणबत्त्या लावून आली. मी म्हटलं, मावशी, तू सही केली नसती तर. म्हणे, "खीर खा."

२४ मे. ग.

काम लागलं एकदाचं, पंधरा दिवस झाले, एक नंबरपासून. साहेब एक दिवसाआड अमरावतीहून येतात, सायकल टपावर. खड्ड्यात उतरून पहार मारतात. मुरमाला लागली की हात झिणझिणतो. मग वर न पाहता म्हणतात, भरा. लोक आता भोवती जमतात, तिवश्याच्या पानवाल्यासारखे. सहा नंबरवाल्यानं स्वतःच्या घराच्या खड्ड्यात स्वतः पहार मारून पाहिली, मग मला बिडी दिली.

एक नागपूरचा ट्रकवाला क्लीनरची जागा देतो म्हणाला. जावंसं वाटतं. नऊ नंबर झालं की.

३१ मे. अमरावती

माझी मुदत संपली. टेप पुसून, गुंडाळून परत केली. साहेबांनी उलगडून पाहिली, पुन्हा गुंडाळली. म्हणाले, आता ताठ धरतोस. त्यांच्या बदलीचं बोलतात हपिसात. त्यांना विचारलं तर म्हणाले, सात घरं झाली, सात राहिली.

५ जून. ग.

मृग दोनतीन दिवसांवर. नऊ नंबर आज सुरू झालं. साहेब तीन दिवसांत आले नाहीत, वर अडकवून ठेवलंय. खिडकीखालचा तुकडा खणून झाला. मिस्त्रीनं टेप टाकली, चार फूट पुरे, दगड टाका म्हणाला. मावशी पदर खोचून खाली उतरली अन् पहार मारली. वीतभर आत गेली. काळीच.

मिस्त्री म्हणे, "कागदात चार हाय बाई. साहेबाच्या हुकुमातबी चारच हाय."

"असन. मुरूम कुठं लागला?"

"दोन दिवस अजून खनलं तं पाणी येईन खड्ड्यात. तुमचंच घर लांबून राह्यलं."

"लांबू द्या."

मावसा वरून ओरडला, बाई वर ये, पाऊस तोंडावर आलाय, लेकरांचं पाहा. ती पहार मांडीवर आडवी घेऊन खड्ड्यातच बसली. मुकादम म्हणतो, चाराच्या खाली एक इंचही ठेकेदार खणणार नाही, साहेबांचा लेखी कागद आणा. हुकमात चार लिहिलेत तर साहेब पाच कसे लिहितील, आणि त्यांना लिहू देतील का, मला माहीत नाही. तरी अमरावतीला निघालो. आता कुठल्या हपिसाचा खलाशी नाही, तरी निघालो.

मोटारीला अजून वेळ आहे म्हणून हे लिहितो. मिस्त्री दगडांच्या ढिगावर बिडी ओढत बसला आहे. सोनबा म्हातारा दुसरी पहार घेऊन खाली उतरला. मावशीनं भाकर तिथंच मागवली.