सैल झाकणे

मंगळवार, दुपार

चि. बारके,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते जरा हात राखून. आम्ही दोघे ठीक. तुझ्या वॉर्डातली धावपळ कमी झाली असेल, अशी आशा. आमचा गळका नळ थांबला, शेजारीण अजून थांबलेली नाही. तिच्याकडूनच कळले, की मी भाजीला बाहेर पडले की तुझा यांना फोन येतो. भिंती पातळ आहेत, हे तुझ्या भावजींना इतक्या वर्षांत कळलेले नाही. म्हणून फोन न करता लिहिते आहे.

गेले काही आठवडे स्वयंपाकघरातली एकही बरणी धड बंद सापडत नाही. साखर, मीठ, कॉफी, सगळ्यांची झाकणे नुसती टेकवलेली. कॉलेजच्या रसायनशाळेत मी जन्मभर पोरांच्या मागे लागले, बाटली उघडलीत तशी बंद करा. आणि माझ्याच घरात साखरेला मुंग्या, कॉफीचा दगड!

पहिला संशय यांच्यावरच आला. म्हटले, डोके दगा देऊ लागले. जेवताना सहज विचारल्यासारखे करून तपासू लागले. आपले लग्न कुठल्या वारी झाले? पहिल्या घराचा मालक कोण? सगळे बरोबर सांगितले. वर म्हणाले, "बाई, तोंडी परीक्षा संपली असेल तर पाणी मिळेल का?"

मग मी प्रयोगच लावला. काचेवर लिहायच्या पेन्सिलीने प्रत्येक झाकणावरून खाली बरणीवर एक सरळ रेघ ओढली. झाकण फिरले की रेघ तुटणार. दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघा तुटलेल्या. काल भाजीला म्हणून निघाले आणि अर्ध्या जिन्यातून परत आले. हे ओट्याशी उभे. बरण्या रांगेत मांडलेल्या, आणि एकेक झाकण हलकेच सैल करून ठेवण्याचे काम चाललेले.

"काय चाललंय?"

"मुंग्या बघतोय."

"बघताय, की आत घेताय?"

यांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि नजर वळवली. तिथे मला हॉस्पिटल आठवले.

यांच्या रक्तदाबासाठी गेलो होतो, असे तुला कळवले होते. तिथल्या मुलीने यांच्या हातात मुठीची ताकद मोजायचे यंत्र दिले. मग मला म्हणाली, "काकू, तुम्हीपण दाबा ना." दाबले. "अजून जोर लावा, काकू." बारके, मी लावला होता. मग तिने पाच शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि ते शब्द परत विचारले. पाचही सांगितले, असे मी तुला लिहिले होते. त्यानंतर डॉक्टरांनी आत बोलावले ते फक्त यांना.

मीही वाचते. ज्या म्हाताऱ्यांच्या हातातली ताकद कमी होते, त्यांच्यात पुढे विसरभोळेपणा जास्त दिसतो, म्हणे. दिसतो. सगळ्यांना होतोच असे नाही, आणि एकामुळे दुसरे होते असे तर अजिबात नाही. हा फरक शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली. तुम्ही दोघांनी मात्र परस्पर ठरवलेत, की झाकण अडले तर हिला कळेल, तेव्हा अडूच द्यायचे नाही. "भावजींच्या खांद्यासाठी" म्हणून तू तो रबरी चेंडू पाठवलास ना? यांचा खांदा ठणठणीत आहे. चेंडू आत्ता माझ्या डाव्या मुठीत आहे.

आज सकाळी यांना समोर उभे करून सगळी झाकणे घट्ट लावून घेतली. मीठ उघडले. साखर फडके धरून उघडली. कॉफीने दाद दिली नाही. यांचा हात पुढे आला, मी नुसते पाहिले, हात मागे गेला. तेव्हापासून दोघे बिनकॉफीचे बसलो आहोत. हे फुरंगटले आहेत, आणि मी दर तासाला बरणीशी झटते आहे.

डॉक्टर काय म्हणाले, ते तू लिही. साखर पेरून नको, जसेच्या तसे. पत्र माझ्या नावावर पाठव आणि पाकीट नीट चिकटव. मी फोडीन.

पाच नव्हे, चारच शब्द आले होते. पाचवा यांनी तुला सांगितलाच असेल. तो मात्र लिहू नकोस. मी अजून शोधते आहे.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
ताई